बिनराजाची नाटकं

वेतवाल्याच्या आधी आमच्याकडे नाटकं होत नव्हती असं नाही. लाकडाच्या वखारीत फळ्या टाकून रंगमंच उभा राहायचा, मागे राजवाड्याचा रंगवलेला पडदा सुटायचा आणि पत्र्याच्या तलवारी घेऊन माणसं मरायची. मरायचीही अगदी सावकाश. शिंपी तर असा मरायचा की त्याचा जीव जाईपर्यंत प्रेक्षक बाहेर जाऊन चहा पिऊन येत, तरी तो अजून भिंत धरून बोलतच असे. राजा बोलायचा तो आभाळाकडे बघून. राणी काहीही झालं तरी पुढे येऊन प्रेक्षकांनाच सांगायची. आम्ही नदीपलीकडच्या खेड्यातली माणसं, लाकडाच्या गाड्या घेऊन वखारीत यायचो आणि नाटक बघून परतायचो. वाटेत आपणही थोडे राजे झालो आहोत असं वाटायचं. गाडी रिकामी करताना ते राजेपण उतरायचं.

मग वेतवाल्याने राजाला घरी पाठवलं.

वेतवाला म्हणजे वेताच्या खुर्च्या विणणारा. अंगाने काटकुळा, बोटं मात्र पालीच्या पायासारखी चिकट. धरलेली पट्टी सुटायची नाही. वेत कोरडा असला की तडकतो, म्हणून तो नेहमी ओला ठेवावा लागतो. हा माणूस एक बादली, एक टोच्या आणि वेताच्या पट्ट्यांचं भेंडोळं घेऊन घरोघर जायचा. बादलीत पट्ट्या भिजत टाकायच्या, खुर्ची उलटी करून मांडीत घ्यायची, जुनी जाळी कापून काढायची, आणि मग एकेका भोकातून पट्टी ओढत आडवी, उभी, तिरकी वीण घालायची. खोलीच्या मध्यभागी अर्धा दिवस बसायचं काम. बोलणं जवळजवळ नाहीच. लोक त्याला मुका म्हणायचे, आणि तोही नाही म्हणायचा नाही.

पाहुण्यासमोर माणूस जपून बोलतो. कारागिरासमोर जपत नाही. खाली बसून काम करणारा माणूस थोड्या वेळाने घरातल्या सामानासारखा दिसू लागतो. त्याच्या डोक्यावरून सासू-सून भांडतात, नवरा-बायको रुसतात, म्हातारे आपल्या दुखण्याची गोष्ट पुन्हा पहिल्यापासून सांगतात. वेतवाल्याची मान खाली आणि कान उघडे. घरी गेला की तो लिहायचा.

लिहायला आणि विणायला, दोन्ही त्याला ताईने शिकवलं होतं. आईबाप लवकर गेले. ताई त्याच्याहून बरीच मोठी. बापाचा टोच्या तिने उचलला, वेत चिरताना बोटं फाडून घेतली आणि धाकट्याला वाढवलं. ती त्याला धाकट्याच म्हणायची. त्याच्या कानावरचे केस पांढरे झाले तरी धाकट्या. लग्न तिने केलं नाही. तिच्याबद्दल गाव एवढंच बोलायचं: भावासाठी राहिली बिचारी. आणि हे म्हणताना माणसं मान जराशी वाकडी करायची, देवघरासमोर करतात तशी.

त्याचं पहिलं नाटक लागलं तेव्हा मी वखारीतच होतो. पडदा वर गेला, आणि मागे राजवाडा नाही, जंगल नाही. एक टेबल, दोन खुर्च्या, एक दार, दोरीवर वाळत घातलेला शर्ट. लोकांना वाटलं, सामान लावणारे अजून हलले नाहीत. मग शिंपी आत आला, शर्ट चाचपला, ओला आहे म्हणून तसाच सोडला आणि प्रेक्षकांकडे पाठ करून बायकोशी बोलायला लागला.

"तोंड दाखव रे," मागून कुणीतरी ओरडलं.

"नुसती पाठ बघायला आलो का आम्ही," दुसरा म्हणाला. "ती तर दुकानात रोज दिसते."

शिंप्याचे कान लाल झालेले मागून दिसत होते. पण तो वळला नाही. वेतवाल्याने त्याला बजावलं होतं, की समोरची भिंत पडली आहे हे घरातल्या माणसाला माहीत नसतं, तेव्हा तिकडे बघायचं नाही.

नाटक होतं ते म्हाताऱ्या बापाला पुढच्या खोलीतून मागच्या खोलीत हलवायचं की नाही, याचं. बस्स. मुलगा आणि सून हळू आवाजात बोलत राहतात, मध्येच दोरीवरचा शर्ट काढतात, मध्येच हिशेब चुकतात, पण मुद्द्यावर कुणी येत नाही. शेवटी म्हातारा दारात येऊन उभा राहतो. त्याने ऐकलं आहे की नाही, कळत नाही. तो म्हणतो, "मागच्या खोलीत मला ऊन बरं मिळेल." आणि आपली उशी उचलतो.

मागच्या खोलीला खिडकी नाही, हे आधी दोनदा बोलण्यात आलेलं असतं.

वखारीत आवाज थांबला. पाठ बघून चिडलेला माणूससुद्धा पुढे वाकून बघत होता. माझ्या शेजारी गाडीवानांचा म्होरक्या बसला होता, दगडासारखा माणूस. त्याने टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. परतताना आम्ही राजे झालो नाही. प्रत्येक जण आपल्या घरातला म्हातारा कुठे निजतो, याचाच विचार करत चालला होता.

पुढे त्याची नाटकं बघायला लांबून माणसं येऊ लागली. एकदा मोठ्या नाटक मंडळीचा मालक आला आणि त्याने विचारलं, "तुमच्या नाटकात दुष्ट माणूस का नसतो हो? प्रेक्षकाला शिव्या घालायला कुणीतरी लागतो."

वेतवाला पट्टी ओढत म्हणाला, "इतक्या घरांत बसलो, दुष्ट कुठे भेटला नाही. दमलेली माणसं भेटली."

"मग मोठमोठी भाषणं तरी ठेवा."

"मोठी गोष्ट घरात कुणी तोंडाने बोलत नाही. ती राहते पोटात, आणि माणूस बोलतो चहात साखर कमी आहे म्हणून."

मालकाने नंतर चहा घेतला, साखर कमी होती, पण तो बोलला नाही.

एका बाबतीत मात्र वेतवाला हट्टी होता. रंगमंचावरची खुर्ची खरीच पाहिजे. पुठ्ठ्याच्या सिंहासनावर राजा बसेल, म्हणायचा, पण खोट्या खुर्चीवर खरा माणूस बसत नाही. त्याचं वजन कळत नाही. म्हणून ज्या घरात तो विणायला जायचा तिथली एखादी खुर्ची नाटकापुरती मागून आणायचा. लोक आनंदाने देत. आमची खुर्ची नाटकात काम करते, म्हणून मिरवत. शिंप्याची बायको तर म्हणायची, आमच्या ह्यांच्यापेक्षा खुर्चीच बरं काम करते, निदान ती मरत नाही.

आणि अशाच एका खुर्चीने त्याचा घात केला.

घड्याळजीच्या घरी तो विणायला बसला होता. घरात सून एकटी. तिने कपाटावरची बॅग खाली घेतली, आपले कपडे भरले, वर मुलाच्या लहानपणीचं टोपरं ठेवलं. दारापर्यंत गेली. तिथे थोडा वेळ उभी राहिली. मग परत येऊन एकेक कपडा काढून जिथल्या तिथे लावला, बॅग पुसून कपाटावर ठेवली आणि नवरा येण्याआधी स्वयंपाकाला लागली. वेतवाला तिच्या पायाशी बसून वीण घालत होता. तिला त्याचं भानही नसावं. किंवा असेल, आणि वाटलं असेल, मुका आहे.

त्याने ते नाटकात घातलं. नवरा घड्याळजीचा मुलगा नव्हता, शाळामास्तर केला. गाव बदललं, मुलाची मुलगी केली, टोपऱ्याच्या जागी मोजे आणले. आपल्या परीने सगळं झाकलं. आणि रंगमंचावर मधोमध ठेवली घड्याळजीची खुर्ची, उजव्या हातावर जळका डाग असलेली. त्या डागाची गोष्ट साऱ्या गावाला पाठ होती, की घड्याळजीचा दिवा कसा पडला आणि त्याने आधी घड्याळ कसं वाचवलं, मग स्वतःची बाही.

नाटकातल्या बाईने बॅग भरली. ती खुर्चीच्या त्या डागावर हात ठेवून थांबली. आणि वखारीतली डोकी एकेक करून वळली. घड्याळजीची सून चौथ्या बाकावर बसली होती. ती उठली नाही. हात मांडीवर ठेवून शेवटपर्यंत बसून राहिली. आजही डोळे मिटले की त्या नाटकातलं मला काही आठवत नाही, ते हात आठवतात.

दुसऱ्या दिवसापासून दुकानात, नळावर, रस्त्यात तिला विचारणं सुरू झालं. "काय गं, भरली का बॅग?" हसून विचारायचे, म्हणजे रागावता पण येऊ नये.

वेतवाला खुर्ची परत द्यायला गेला. तिने दार उघडलं, खुर्ची आत घेतली, दार लावलं. त्यानंतर एकेक करून सगळी घरं बंद झाली. कुणी म्हणे, खुर्ची तुझ्या घरी पाठवतो, तिथेच विण. कुणी म्हणे, सध्या नको. पुष्कळांनी तर फाटक्या जाळीवर फळीच ठोकून घेतली. त्या काळात गावात कुठेही बसा, बूड दुखायचं.

वेतवाला चिडला होता. "मी कुणाचं नाव घेतलं का?" जो भेटेल त्याला विचारायचा. बोलका झाला होता, आणि ते काही चांगलं लक्षण नव्हतं. ऐकायला घर राहिलं नाही तसं लिहिणंही थांबलं. कोऱ्या कागदासमोर बसायचा आणि बादलीतल्या पट्ट्या सुकून तडकायच्या.

शेवटी ताईच म्हणाली, "माझी खुर्ची ने."

हे मला नंतर दोघांकडूनही कळलं, आणि दोघांनी सारखंच सांगितलं, म्हणून खरं मानतो. ताईची खुर्ची म्हणजे बापाच्या हातची, खिडकीशी असायची. तिची जाळी खोल गेली होती, दोन जागी सुतळीने बांधलेली. गावभर खुर्च्या विणणाऱ्याच्या घरी अशी खुर्ची. दिव्याखाली अंधार, दुसरं काय.

"कुठल्या नाटकासाठी नेऊ?" त्याने विचारलं. "नाटकच नाही."

"दुसऱ्यांची घरं पुष्कळ दाखवलीस. आता खुर्ची आपली, तर घरही आपलंच दाखव."

त्याने लिहिलं. झपाट्याने लिहिलं, आणि मला बोलावणं आलं, कारण नाटकात दाढीवाला मिस्त्री होता आणि दाढी माझ्याकडे फुकट होती. तेव्हा पहिल्यांदा मला कळलं की ताईच्या आयुष्यात एक मिस्त्री होता. नदीवर पूल बांधायला आला होता तो. पूल झाला, तशी जायची वेळ झाली, आणि तो ताईला न्यायला दारात येऊन उभा राहिला. आम्ही ज्या पुलावरून गाड्या आणायचो, तोच हा पूल.

वखारीत तालीम सुरू झाली. ताईचं काम शिंप्याच्या बायकोकडे. भाऊ झाला होता वखारीतला तरुण कारकून. नाटकात मिस्त्री विचारतो, येतेस ना? आणि ताई खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून, हसून म्हणते, "माझा भाऊच माझं सगळं आहे. तुम्ही सुखी राहा." मग दोन मोठी वाक्यं त्यागाबद्दल. शिंप्याची बायको ती वाक्यं म्हणताना आपोआप पुढे यायची आणि आभाळाकडे बघायची. कुणी तिला अडवलं नाही. वेतवाल्यानेही नाही. उलट त्याचे डोळे भरून यायचे.

एका दुपारी ताई तालीम बघायला आली. ओंडक्यावर बसली. सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "ही कोण बाई आहे?"

शिंप्याची बायको म्हणाली, "तुम्हीच की ताई."

"मी नाही. ही आली असती ना आमच्या घरी, तर मी तिला बसायला पण सांगितलं नसतं. डोकं उठवलं असतं तिने."

आम्ही हसलो. ताई हसली नाही. ती वेतवाल्याकडे वळली. "धाकट्या, मी असं म्हणाले होते?"

तो हातातल्या कागदाची घडी घालू लागला.

"दूध ठेवलंय, म्हणाले मी. उतू जाईल म्हणाले आणि आत गेले. दूध नव्हतंच चुलीवर. आत भिंतीला टेकून उभी राहिले तो जाईपर्यंत. तो बराच वेळ थांबला होता. आणि मग तू आलास आतबाहेर करत, पाण्याची बादली सांडलीस, आणि मी तुला मारलं. आठवतं?"

"आठवतं."

"किती मारलं, तेही आठवत असेल."

"हो."

"मग ते कुठाय नाटकात?"

वेतवाला खाली बघत म्हणाला, "ताई, लोक तुला काय म्हणतील."

तेव्हा ताई जे बोलली ते हळू बोलली, पण वखारीतल्या प्रत्येक लाकडाने ऐकलं असेल. "घड्याळजीच्या सुनेला लोक काय म्हणतील, हे आठवलं होतं का?"

करवतीचं काम चालू होतं पलीकडे. तेही नेमकं त्याच वेळी थांबलं.

"मला वाईट कशाचं वाटतं सांगू," ताई पुढे म्हणाली. "गावाने मला देवी केली ते एक वेळ ठीक. गावाला काय, सोपं पडतं. पण तू सगळ्यांच्या घरात खरं बघितलंस आणि माझ्याकडे बघितलंच नाहीस. मला राग होता रे तुझा. पुष्कळ वर्षं होता. रोज तुझ्यासाठी चूल पेटवायचे आणि रोज राग यायचा. आणि मायाही होती, ती काय कुठे गेली नव्हती. दोन्ही एकाच पातेल्यात. हे तुला लिहिता येत नसेल तर माझी खुर्ची परत दे."

ती उठली आणि गेली. खुर्ची तशीच राहिली, कारण ती उचलायची कुणाची हिंमत झाली नाही.

वेतवाला त्यानंतर तालमीला आला नाही. नाटकाचा दिवस जवळ येत होता. आम्हाला वाटलं, आता काही होत नाही. शिंपी तर खुशीत होता. म्हणाला, जुन्या तलवारी आहेत अजून, घासून ठेवतो. पण वेतवाला परत आला, डोळे खोल गेलेले, हातात कागद. त्यागाची वाक्यं सगळी कापली होती. शिंप्याची बायको हिरमुसली. "म्हणजे मी बोलू काय?"

"दूध ठेवलंय. उतू जाईल."

"आणि पुढे?"

"पुढे तुम्ही आत."

"मग स्टेजवर कोण?"

"मिस्त्री," तो माझ्याकडे बघून म्हणाला, "आणि खुर्ची."

मी विचारलं, मी काय करायचं. तो म्हणाला, थांबायचं. किती वेळ? त्याला वाटेपर्यंत. मी म्हटलं कुणाला? तो म्हणाला, मिस्त्रीला.

नाटकाला गाव आलं, पण हाताची घडी घालून आलं. याने आता कुणाला उघडं पाडलंय ते बघायला. पडदा वर गेला तशी मागे कुजबुज सुरू झाली, खुर्ची कुणाची, खुर्ची कुणाची. सुतळीने बांधलेली जाळी दिसली आणि कुजबुज विझली. ही खुर्ची सगळ्यांना माहीत होती. ताई पहिल्या बाकावर, एका कडेला बसली होती. घड्याळजीची सून आली होती, पण दाराशी उभी होती.

तो प्रसंग आला. शिंप्याची बायको म्हणाली, "दूध ठेवलंय. उतू जाईल." आणि आत गेली. मी उभा राहिलो. समोर बघायचं नव्हतं, तरी खुर्चीच्या पलीकडे मला ताई दिसत होती. मी थांबलो. मी खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला, हे मला कुणी सांगितलं नव्हतं, आणि मग गेलो. आत जाऊन मी लाकडाला टेकून बसलो. बाहेर बादली पडल्याचा आवाज आला, आणि मग चापटीचा. शिंप्याच्या बायकोने कारकुनाला खरीच मारली होती.

नाटक संपल्यावर टाळ्या आल्या, पण उशिरा. माणसं उठायला तयार नव्हती. एक म्हातारी ताईजवळ येऊन नेहमीसारखी मान वाकडी करायला गेली आणि अर्ध्यातच थांबली. मग नुसती शेजारी बसली.

घड्याळजीची सून गर्दी ओसरल्यावर पुढे आली. वेतवाला खुर्ची उचलत होता, ती त्याने परत खाली ठेवली. म्हणाला, "वहिनी, चुकलं माझं. तुमचं दार लागलेलं असताना मी ते उघडलं."

ती जरा वेळ त्या सुतळीकडे बघत राहिली. मग म्हणाली, "मामंजींची खुर्ची परत सैल झालीय. सकाळी या." थोडं पुढे जाऊन वळली. "खुर्ची मात्र नाटकाला मिळायची नाही."

"नको," तो म्हणाला. "विचारल्याशिवाय आता कुणाचंच काही नको."

सकाळी तो तिच्याकडे जाऊन आला. दुपारी मी ताईची खुर्ची गाडीवर घालून त्यांच्या घरी पोचवायला गेलो. वेतवाल्याने ती माझ्या हातून घेतली आणि खिडकीशी ठेवली नाही. उलटी करून मांडीत घेतली. सुतळी कापली. बापाची जाळी सोडवून बाजूला ठेवली, फेकली नाही. बादलीत पट्ट्या भिजत होत्या. ताई समोर भिंतीला टेकून जमिनीवर बसली होती, तिला बसायला दुसरं काही नव्हतंच.

त्याने पहिली पट्टी ओढली. ताई म्हणाली, "त्याला शिट्टी वाजवता येत नव्हती. पुलावर सगळे मिस्त्री शिट्ट्या वाजवायचे, हा नुसता फूं करायचा." आणि एकटीच हसली. मग बोलतच राहिली. वेतवाल्याची मान खाली होती. हात वीण घालत होते आणि कान उघडे होते. मी उंबऱ्यावरून मागे सरलो आणि गाडीकडे गेलो. त्यांचं दार मी हळूच ओढून घेतलं.

आता ती दोघंही नाहीत. वखारीच्या जागी दुसरंच काही झालं आहे, आणि वेताच्या खुर्च्या विणणारं मला तरी कुणी ठाऊक नाही. त्या नाटकानंतर त्याने आणखी पुष्कळ नाटकं लिहिली; त्यातल्या बहुतेकांत मी काही ना काही होतो, कधी शेजारी, कधी टपालवाला, एकदा तर नुसता खोकला. प्रत्येक नव्या नाटकाच्या वेळी मी कान देऊन ऐकायचो, कुठे शिट्टी न येणारा एखादा माणूस भेटतो का. कधीच भेटला नाही.